सातशे एकतीसचा बिल्ला

बसा. खुर्च्या पुरत नसतील तर त्या चष्म्यांच्या खोक्यांवर बसा, मोडत नाहीत. आणि तो कोपऱ्यातला दिवा बंद करा कुणीतरी, डोळ्यांवर येतोय.

उद्या सकाळी दहा वाजता तुम्ही पोरं लोकांच्या डोळ्यांवर हे चष्मे चढवणार आणि त्यांना हजार मीटर खोल लुडगेरा खाणीत नेणार. म्हणजे याच खोलीत गोल गोल फिरवणार. तुमचं पाठांतर मी दुपारी ऐकलं. बरं झालंय. पण एका जागी लोक थांबतील, बोट दाखवतील आणि एक प्रश्न विचारतील. त्याचं उत्तर तुमच्या कागदात नाही. ते आज सांगून ठेवतो. ज्याच्यावर हे गुदरलं तो डेटलेफ पिओंतेक माझ्या गल्लीतला. त्याने शेवटच्या आठवड्यात मला हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

शुक्रवार होता. एकोणतीस नोव्हेंबर दोन हजार एकोणीस. रात्रीचे पावणेनऊ. डेटलेफने किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला, थर्मासमध्ये पुदिन्याचा चहा भरला आणि बूट चढवायला तो जिन्यावर बसला.

"कुठे निघालास?" त्याच्या बायकोने, रोझवीटाने, आतूनच विचारलं.

"कपडेघर उघडून द्यायचंय. त्या बाईंचं आज शेवटचं काम."

"उघडून द्यायला थर्मास लागतो?"

"थंडी आहे."

"त्या खाणीशीच लग्न करायचं होतंस."

"केलं असतं. पण तिला स्वयंपाक येत नाही."

ती हसली. तोही हसला. तेहेतीस वर्षं तो असाच हसत आला होता. त्या रात्री मात्र दार ओढून घेताना त्याचा हात कडीवर थोडा रेंगाळला. एक वाक्य त्याच्या घशात सोमवारपासून अडकलं होतं, आणि ते आज बोलून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं. कारण परवा रविवार, आणि सोमवारी सकाळी सहाला पाडकामाची यंत्रं येणार होती.

लुडगेरा खाण सत्त्याण्णव साली बंद झाली, हे तुम्हाला माहीत आहे. खाणीचा उभा शाफ्ट काँक्रीटने भरला, वरचा मनोरा भंगारात गेला. उरल्या होत्या दोनच वास्तू. कामगारांचं कपडेघर, आणि त्याला चिकटलेली बिल्ल्यांची खोली. त्या जागी पार्सलांचं गोदाम व्हायचं होतं. गावाने आरडाओरडा केला, चार हजार सह्या जमवल्या. मग नगरपालिकेने तोडगा काढला. वास्तू पाडायच्या, पण त्याआधी त्यांचा कण न् कण यंत्राने टिपून संगणकात ठेवायचा. पर्यटक येतील, चष्मा घालतील, सगळं पाहतील. महापौर म्हणाले, "लुडगेरा आता कायमची आपली." टाळ्या पडल्या. जपायचं म्हणजे आधी मोजायचं आणि मग पाडायचं, असा त्या शब्दाचा अर्थ आमच्या गावात त्या दिवशी ठरला. एकालाही लाज वाटली नाही.

डेटलेफ त्या कपडेघराचा शेवटचा रखवालदार. खाण बंद झाल्यावर बिनपगारी. खांबांना तेल, काचांना फडकं, शाळेच्या सहलींना माहिती. लोक म्हणायचे, केवढी माया. त्या चार हजार सह्यांमध्ये मात्र त्याची सही नव्हती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि सोमवारी ती बाई आली होती. यंत्रवाल्या कंपनीची, पस्तीस-छत्तीसची, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर तिच्याएवढी पेटी. गुल्सेरेन आयडिन. हात मिळवून झाल्यावर तिने पहिलाच प्रश्न विचारला.

"काका, इथे याशार क्लिंच नावाचे कामगार होते. त्यांचा कपडे टांगायचा आकडा कुठला, सांगता येईल?"

डेटलेफच्या हातातला जुडगा खाली पडला.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. "आयडिन सासरचं नाव. हे काम मी मागून घेतलंय."

तो तिला म्हणाला, जुनी वही बघावी लागेल. वही कसली. त्याला तो आकडा झोपेतही ठाऊक होता.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पाळीवर जाताना प्रत्येक जण बोर्डावरचा आपला पितळी बिल्ला काढून पट्ट्याला लावायचा. वर आला की परत आपल्या खिळ्यावर. खिळा रिकामा, म्हणजे माणूस खाली. आणि कपडेघरात आपले बाहेरचे कपडे आकड्याला अडकवायचे, साखळीने छतापर्यंत चढवायचे, साखळीला खाली आपलं कुलूप. कपडे वर, म्हणजेही माणूस खाली. दोन खुणा. शंभर वर्षं त्या एकमेकींशी खोटं बोलल्या नव्हत्या.

चौदा फेब्रुवारी एकोणीसशे शहाऐंशी. तोही शुक्रवार. सकाळची पाळी दोनला सुटली. डेटलेफ चोवीसचा, याशार एकतीसचा. बिल्ले शेजारी शेजारी, सातशे तीस आणि सातशे एकतीस. मुकादम ब्रेमकेने खाली, माणसं वर नेणाऱ्या पाळण्यापाशी याशारला गाठलं. सहाव्या विभागातला पंप बसलाय, दोन तास थांब. पण पाळीपेक्षा जास्त वेळ खाली राहायला बंदी होती, आणि तपासनीस बोर्ड बघून माणसं धरायचे. म्हणून अशा वेळी जे सगळे करायचे तेच याशारने केलं. पट्ट्याचा बिल्ला काढून डेटलेफच्या तळहातावर ठेवला.

"माझाही लाव रे. चारला वर येतो."

"आणि मला काय?"

"बिअर. तू पी, मी नुसता बघत बसतो."

डेटलेफने वर येऊन दोन बिल्ले लावले. असे त्याने आधी वीसदा लावले असतील. त्याचेही कुणीतरी लावले असतील. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तीन वाजून वीस मिनिटांनी सहाव्या विभागात आग लागली.

सहापर्यंत सगळे वर आले. ब्रेमकेही आला. बोर्ड मोजला, भरलेला. डेटलेफ भोंगा ऐकून बिअरच्या टपरीवरून धावत आला आणि आधी कपडेघरात शिरला. सातशे एकतीसची साखळी ताणलेली. वर छताला तपकिरी कॉर्डरॉयचं जाकीट. आणि जाकिटाच्या खिशाला बांधलेले लहान मुलाचे गमबूट. लाल. नवे.

तो ब्रेमकेकडे गेला. "याशार खाली आहे."

"बोर्ड काय म्हणतो?"

"भरलाय. पण त्याचे कपडे..."

"त्याचा बिल्ला कुणी लावला?" ब्रेमकेचा आवाज एकदम खाली आला. "दुसऱ्याचा बिल्ला लावणाऱ्याचं काय होतं, माहीत आहे ना तुला, पिओंतेक? तू लावलास?"

रोझवीटाला सातवा महिना होता.

"त्यानेच लावला असेल," डेटलेफ म्हणाला.

आठ वाजून दहा मिनिटांनी सहाव्या विभागाच्या तोंडाशी भिंत बांधून झाली. हवा तोडली. हवा गेली की आग मरते. भिंतीवरचा एक गवंडी म्हणाला, आतल्या नळीवर कुणीतरी ठोकतंय, दोन-दोन ठोके. त्याला सांगण्यात आलं, नळ्या थंड होताना आवाज करतात. सकाळी सातशे एकतीसचं कुलूप कापलेलं होतं आणि आकडा रिकामा. याशार क्लिंच बायकोपोरीला टाकून पळाला, असं ठरलं. कुणी म्हणालं परत तुर्कस्तानात, झोंगुलदाकला, कुणी म्हणालं एका बाईबरोबर हॉलंडला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर भरलेल्या बोर्डाचा फोटो होता. "एकूण एक बिल्ला परत." तो फोटो माझा, मथळाही माझा. मी बिल्ले मोजले होते. माणसं मोजली नव्हती.

असो. तर ती रात्र.

सव्वानऊला डेटलेफ कपडेघराशी पोचला. गुल्सेरेन दाराशी उभी, एका हातात टॅब्लेट, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेला बोरेक, म्हणजे तुर्की पॅटिसच.

"खा काका. चीज आहे, शुक्रवार म्हणून मांस नाही घातलं, घाबरू नका."

"मी कशाला घाबरू? साठीला आलो."

"मग हात खिशातून का निघत नाहीत?"

"थंडी."

"सगळ्या आठवड्याचं उत्तर तेच, थंडी," ती म्हणाली. "वही सापडली?"

"आज सांगतो. तुझं काम होऊ दे."

दिवसा हे काम जमत नव्हतं. छपराच्या काचांतून ऊन येई, आणि पाडकामाची माणसं नळ कापत धूळ उडवत. म्हणून रात्र. त्यांनी आठवड्यात सगळे नळ कापून नेले होते, भिंतीवर न्हाणीची एकच उभी नळी उरली होती, वर आणि खाली दोन्हीकडून तोडलेली. बिल्ल्यांची खोली तिने बुधवारीच टिपली होती. आता उरलं होतं हे मोठं दालन. यंत्र तीन पायांवर मधोमध ठेवायचं, दिवे बंद करायचे, सगळ्यांनी बाहेर जाऊन दार लावायचं. यंत्र स्वतःभोवती फिरतं, भिंती-छत-साखळ्या कोट्यवधी ठिपक्यांनी टिपतं. एक फेरी सहा मिनिटांची. आत कुणी असेल तर चित्रात डाग पडतो.

पहिली फेरी नऊ चाळीसला. दोघं बाहेरच्या पायरीवर बसले. आतून यंत्राची बारीक घरघर.

"माझी आई दर शुक्रवारी दाराची कडी काढून ठेवायची," गुल्सेरेन अचानक म्हणाली. "दोन हजार अकरापर्यंत. वारली त्या शुक्रवारीसुद्धा. शाळेत मला पळपुट्याची पोर म्हणायचे. मी एकदा आईला विचारलं, गेला असेल ना खरंच? तिने मला थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच."

डेटलेफने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलं होतं.

टॅब्लेट वाजला. फेरी संपली.

"हे काय?" ती म्हणाली. "काका, आत कुणी आहे?"

पडद्यावर राखाडी ठिपक्यांचं दालन. बाकांच्या रांगा. छताला शेकडो आकडे. आणि सातव्या रांगेत, एका बाकाशी, डाग. माणसाच्या उंचीचा.

दोघांनी आत जाऊन दिवे लावले. कुणी नव्हतं. सातवी रांग रिकामी. सातशे एकतीसची साखळी वर, तेहेतीस वर्षं होती तशी.

"धूळ असेल," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ."

दुसरी फेरी नऊ पंचावन्नला. डेटलेफ या वेळी बसला नाही. दाराला कान लावून उभा राहिला. घरघर ऐकू येत होती. मग घरघरीच्या आतून दुसरं काहीतरी.

कर्र... कर्र... कर्र.

चाळीस वर्षं ऐकलेला आवाज. कप्पीवरून साखळी उतरते तो.

"ऐकलंस?"

"काय?"

त्याने कान दाराला आणखी दाबला.

चित्र आलं. डाग नव्हता. ती सुटकेने हसली, मग बोटांनी चित्र मोठं केलं, आणि हसू अर्ध्यात राहिलं.

"साखळी खाली आहे," ती म्हणाली. "एकच. सातव्या रांगेतली. आणि आकड्याला काहीतरी अडकवलंय. कोट... जाकीट. खाली हे काय लोंबतंय? बूट? एवढेसे?" तिने आणखी मोठं केलं. "लहान मुलाचे गमबूट आहेत, काका. आई म्हणायची, बाबा त्या दिवशी माझ्यासाठी..."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

त्या बुटांबद्दल डेटलेफने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही. पाद्र्याला नाही.

"कुणाचा आकडा आहे हा?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू. "काका. कुणाचा?"

"तू इथेच थांब," तो म्हणाला.

"मी येते."

"थांब म्हटलं ना पोरी."

तो आत गेला. दार मागे लागलं. दिव्याचं बटण दाबलं... दिवे लागले नाहीत.

छताच्या काचांतून रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळट उजेड. यंत्र मधोमध उभं, बंद. तो रांगा मोजत गेला. तीन. चार. पाच.

ओल्या कोळशाचा वास आला. तो वास सत्त्याण्णवनंतर त्या इमारतीत कुणाला आला नव्हता.

सहा.

सात.

साखळी वर होती.

त्याने श्वास सोडला. वर पाहत राहिला. रिकामा आकडा, हलका झोका घेणारा. वारा नव्हता.

मग भिंतीवरची नळी वाजली. तीच, उरलेली. दोन्हीकडून तोडलेली.

टण्. टण्.

दोन ठोके.

तुम्हाला शिकवलंय ते. एक ठोका, थांब. तीन, खाली सोड. दोन, वर घे. आणि वरच्या माणसाने तेच ठोके परत द्यायचे. तोवर पाळणा हलत नाही. परत दिले म्हणजे वचन. ऐकलं. घेतो वर.

टण्. टण्.

डेटलेफच्या हातात जुडगा होता. नळी हाताच्या अंतरावर. दोन ठोके द्यायचे, एवढंच. हात वर गेला.

आणि तिथेच राहिला. कशाच्या जोरावर देणार? पाळणा नाही. दोर नाही. शाफ्ट तळापासून तोंडापर्यंत काँक्रीट. सोमवारी ही नळीही नाही. तेहेतीस वर्षांपूर्वी द्यायचे होते ते ठोके. तेव्हा सगळं होतं.

टण्. टण्.

थांबून... टण्. टण्.

घाई नव्हती त्यात. राग नव्हता. पाळी संपलेल्या माणसाने ठोकावं तसं.

"बिल्ला मी लावला," डेटलेफ म्हणाला.

नळी गप्प.

"याशार. बिल्ला मी लावला. मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. भिंत व्हायला दोन तास होते अजून... मला माहीत होतं. मला माहीत होतं तू खाली आहेस."

काही नाही. कुठेच काही नाही.

मग एकच.

टण्.

थांब.

त्यानंतर ती नळी वाजली नाही.

तो वळला. दार उघडं होतं. चौकटीत गुल्सेरेन उभी, टॅब्लेट छातीशी धरलेला. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा दिसत होता. तिने सगळं ऐकलं होतं.

ती रडली नाही. ओरडली नाही. टॅब्लेट बंद केला.

"दोन तास," ती म्हणाली.

"हो."

"घरी जा काका."

ती यंत्र आवरायला लागली. तो मदतीला पुढे झाला तर नुसती मान हलवली. तो पायी घरी गेला. थर्मास पायरीवरच राहिला.

शनिवारी, रविवारी कार्यालयं बंद. रविवारी दुपारी तिने स्वतः डेटलेफच्या घराची घंटा वाजवली आणि दारातूनच म्हणाली, "लिहून द्या." त्याने सात पानं लिहून सही केली. सोमवारी पहाटे साडेपाचला दोघं फाटकाशी उभे होते. मीही होतो, तिनेच फोन केला होता. पाऊस भुरभुरत होता.

साइटच्या इंजिनिअरने ती पानं हातातसुद्धा घेतली नाहीत. "बाई, माझ्याकडे दाखला आहे. तुमच्याच कंपनीचा. सगळं जपून झालं म्हणून." खाली तिचीच सही होती, बुधवारीच आगाऊ घेतलेली.

"यात पुरावा आहे," मी म्हणालो. "एक माणूस मेलाय इथे."

"कुठल्या साली?"

"शहाऐंशी."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आजोबा, बाजूला व्हा. लागेल."

साडेसहाला कपडेघराचं छप्पर खाली आलं. दहाला बिल्ल्यांची खोली. बोर्ड, बिल्ले, सगळं एका मोठ्या डब्यात, विटांबरोबर. डेटलेफ शेवटपर्यंत उभा होता. टोपी हातात.

मी लिहिलं. माझ्या जुन्या पेपरने छापलं नाही. जुन्या माणसाची हौस, असं नव्या संपादकाला वाटलं असावं. मग सात पानं खाणखात्याकडे पाठवली. उत्तर एप्रिलमध्ये आलं, डेटलेफ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. फुप्फुसं. उत्तरात चार ओळी होत्या. निवेदन करणारा औषधांच्या अमलाखाली होता, बिल्ला तपासणीसाठी उपलब्ध नाही, मुदत संपली आहे, त्या दिवशी सर्व कामगार वर आल्याचं कागदोपत्री सिद्ध आहे. आणि सिद्ध असल्याबद्दल सोबत एक फोटो जोडला होता.

माझा.

गुल्सेरेनने ती नोकरी सोडली. कुठे असते, मला ठाऊक नाही. तिच्या बापाचं नाव कुठल्या दगडावर नाही. फाटकावरच्या पाटीवर काय आहे ते तुम्ही वाचलंय. चौदा फेब्रुवारी शहाऐंशी, आग, जीवितहानी नाही.

आता तो प्रश्न.

तुमच्या फेरीत सगळ्यात मोठा मुक्काम बिल्ल्यांच्या खोलीचा. कागदात काय लिहिलंय? "आणि पाहा, एकूण एक बिल्ला आपल्या खिळ्यावर. आमच्या खाणीच्या शिस्तीची ही साक्ष." हे तुम्ही म्हणाल, आणि चष्मा घातलेला एखादा पोरगा बोट करून विचारेल, मग तिथला कुठे गेला?

बुधवारी ती खोली टिपली तेव्हा बोर्ड भरलेला होता. डेटलेफने पाहिला, तिने पाहिला. त्या दिवशीचे फोटो आहेत, मी मोजलेत, या खेपेला नीट. पण त्याच बुधवारच्या ठिपक्यांतून चित्र उभं केलं तेव्हा एक बिल्ला नव्हता. ते चित्र बनवणारी शहरातली पोरं हसली, म्हणाली, यंत्राची चूक. शेजारच्या बिल्ल्याची नक्कल करून त्यांनी तिथे नवा टांगला. सकाळी नव्हता. पुन्हा टांगला. अकरा वेळा. बाराव्या वेळी त्यांनी नाद सोडला आणि मला सांगितलं, मुलांना सांगा, तांत्रिक अडचण म्हणून पुढे जा.

म्हणा हवं तर. तुमचीही नोकरी आहे.

पण आज कुणीतरी एक चष्मा घाला. तू घाल. हं. चाल... डावीकडे वळ. बोर्ड दिसला? खालून चौथी ओळ. डेटलेफचा दिसतोय ना, सातशे तीस?

त्याच्या पुढे बघ.

सातशे बत्तीस म्हणतोस. बरोबर.

आणि मधे?